सागरी माशांसाठी मत्स्यटाकीचे आकारमान : काही शास्त्रीय व व्यावहारिक विचार

बीजसंज्ञा : सागरी मत्स्यटाकी, क्षारता, विद्राव्य प्राणवायू, अमोनिया, प्रौढ आकारमान, क्षेत्ररक्षण

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत, कार्यालयांच्या स्वागतकक्षांत आणि घराघरांत काचेच्या टाकीत मासे पाळण्याची प्रथा आता चांगलीच रुजली आहे. गप्पी, मोली, गोल्डफिश या गोड्या पाण्यातील परिचित माशांच्या जोडीला सागरी मासेही मोठ्या शहरांतील बाजारात मिळतात. 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट २००३ साली प्रदर्शित झाल्यानंतर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश आणि गडद निळा ब्लू टँग हे दोन मासे बालगोपाळांच्याही ओळखीचे झाले. तथापि, मासे कोणते ठेवावयाचे याविषयी जेवढी हौस दिसते, तेवढा विचार टाकीच्या आकारमानाविषयी केला जात नाही. सर्वसाधारणपणे खोलीचा कोपरा पाहून टाकी घेतली जाते आणि टाकीत मावतील तेवढे मासे आणले जातात. सागरी माशांच्या बाबतीत हा क्रम उलटा असणे आवश्यक आहे. प्रथम मासा, त्याचे प्रौढ आकारमान व वर्तन, मग पाण्याचे रसायन, त्यानंतर टाकी आणि शेवटी जागा, अशा क्रमाने या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बंदिस्त पाण्यात जलचर टिकवून धरण्याचा शास्त्रीय प्रयत्न फार जुना नाही. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली मासे, पाणवनस्पती व गोगलगाई यांच्या परस्पर समतोलाविषयीची आपली निरीक्षणे मांडली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस याचा 'द ॲक्वेरियम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही हौस सुशिक्षित वर्गात पसरली. आपल्याकडे मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर, म्हणजे समुद्राच्या अगदी काठावर, उभे राहिले. ही जागा लक्षणीय आहे. काठावरच्या संस्थेला समुद्र हाताशी असतो. पुण्याच्या किंवा नागपूरच्या टाकीतील माशाला मात्र टाकीत असेल तेवढेच पाणी हाच सारा समुद्र असतो.

आणखी एक बाब आरंभीच लक्षात घेणे इष्ट आहे. गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे बहुतांशी शेततळ्यांत व हौदांत पैदा केलेले असतात, तर सागरी शोभिवंत मासे बहुतांशी प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न केंद्राने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या व्यापारातील माशांची संख्या दरवर्षी दोन ते अडीच कोटींच्या आसपास आणि त्यांच्या जाती १,४७१ असल्याचे नमूद केले होते. अपुऱ्या टाकीत मेलेल्या माशाची जागा भरावयाची, तर खडकावरून दुसरा मासा उचलला जातो. त्यामुळे टाकीच्या मापाचा प्रश्न हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

फुटांचे माप आणि प्रत्यक्ष पाणी

आपल्या बाजारात टाकी फुटांत विकली जाते. 'दोन फुटी', 'तीन फुटी' असे म्हटले की केवळ लांबी कळते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर हे ध्यानात ठेवले तर पुढील हिशेब सोपा होतो. २ × १ × १ फूट मापाची टाकी सुमारे ५७ लिटरची, ३ × १.५ × १.५ फूट मापाची सुमारे १९१ लिटरची आणि ४ × २ × २ फूट मापाची सुमारे ४५३ लिटरची भरते. लांबी दुप्पट केली की पाणी दुप्पट होते असा अनेकांचा समज असतो. वरील उदाहरणात लांबी दुप्पट झाली, परंतु रुंदी व उंचीही दुप्पट झाल्याने पाणी आठपट झाले.

हे झाले बाहेरून घेतलेल्या मापांचे गणित. प्रत्यक्षात काचेची जाडी, वरची मोकळी ठेवलेली कड, तळाची वाळू आणि आतील खडक ही सर्व वजा करावी लागतात. १०० × ५० × ५० सेंटिमीटरची टाकी कागदावर २५० लिटरची असते. काच १० मिलिमीटर जाडीची धरली, पाणी काठापासून थोडे खाली ठेवले, तळाला तीन सेंटिमीटर वाळू घातली आणि वीसेक किलो खडक रचला, तर आत १८५ ते १९० लिटर एवढेच पाणी उरते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कागदावरच राहिला. औषधाची मात्रा, मिठाचे प्रमाण, माशांची संख्या हे सर्व या उरलेल्या पाण्यावर ठरवावयाचे असते. टाकीखाली जोडटाकी, म्हणजे व्यवहारात ज्याला सम्प म्हणतात ती, बसविल्यास एकूण पाणी वाढते. मात्र माशाला पोहण्यास मिळणारी जागा त्यामुळे वाढत नाही. हा भेद विक्रेते क्वचितच सांगतात.

टाकीचा आकारही पाहावा लागतो. ३ फूट लांब, १.५ फूट रुंद व १.५ फूट उंच असलेली टाकी उभी केली, तर पाणी तेवढेच राहील. परंतु हवेला भिडणारा पृष्ठभाग ४.५ चौरस फुटांवरून २.२५ चौरस फुटांवर येईल. प्राणवायूची देवाणघेवाण मुख्यतः याच पृष्ठभागावर होते. दिवाणखान्याच्या शोभेसाठी बनविलेल्या उंच, मनोऱ्यासारख्या टाक्या सागरी माशांसाठी अयोग्य ठरतात त्याचे एक कारण हे आहे. बहुतेक मासे आडवे पोहतात हे दुसरे. गोल काचभांड्याचा विचारही करू नये.

खाऱ्या पाण्याचे वेगळेपण

गोड्या पाण्यासाठी वापरलेले ठोकताळे खाऱ्या पाण्याला लागू होत नाहीत, याची कारणे रसायनात आहेत. २५ अंश सेल्सिअस तापमानाला गोड्या पाण्यात हवेतील प्राणवायू दर लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम विरघळू शकतो. त्याच तापमानाच्या, दर हजारी ३५ क्षारतेच्या समुद्रपाण्यात हे प्रमाण सुमारे ६.७ मिलिग्रॅम असते. तापमान ३० अंशांवर गेले की ते ६.२ मिलिग्रॅमच्या जवळ येते. म्हणजे सागरी माशाच्या वाट्याचा प्राणवायू मुळातच कमी असतो आणि उन्हाळ्यात तो आणखी घटतो. शिवाय वाढत्या उष्म्याबरोबर माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते.

अमोनियाची बाब याहून गंभीर आहे. प्रथिनांच्या चयापचयातून तयार होणारा अमोनिया मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. पाण्यात तो दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप तुलनेने निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया विषारी. या दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियापैकी मुक्त अंश जेमतेम अर्धा टक्का असतो. सागरी टाकीचा सामू ८.२ च्या आसपास राखावा लागतो आणि तेथे हा अंश सुमारे ७ टक्के भरतो. तेवढ्याच घाणीपासून दहापटीहून अधिक विष, असा याचा सरळ अर्थ आहे.

निसर्गात हा अमोनिया अथांग पाण्यात विरून जातो. टाकीत त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट असे रूपांतर करण्याचे काम खडकावर, वाळूत व गाळणीत वाढणाऱ्या जीवाणूंना करावे लागते. हे जीवाणू स्थिरावण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी मासे सोडले जातात आणि पंधरवड्यात मरतात, तेव्हा दोष माशांना, दुकानदाराला वा पाण्याला दिला जातो. प्रत्यक्षात जीवाणूंची ही वसाहत तयारच झालेली नसते.

येथे आकारमानाचा संबंध कसा येतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वीस ग्रॅम वजनाचा एक मासा खडकाआड मेला व दोन दिवस कोणाच्या लक्षात आला नाही, असे समजू. त्याच्या शरीरात सुमारे अर्धा ग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातील चौथा हिस्सा जरी या काळात अमोनियाच्या रूपाने बाहेर आला, तरी ५० लिटर पाण्यात त्याचे प्रमाण दर लिटरला अडीच मिलिग्रॅमच्या पुढे जाईल. ते उरलेल्या माशांच्या जिवावर बेतू शकते. ४०० लिटर पाण्यात तोच आकडा ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास राहील आणि स्थिरावलेले जीवाणू तो पचवून टाकतील. चूक एकच; परिणाम मात्र भिन्न.

लांबीच्या नियमाची मर्यादा

'एका गॅलनला एक इंच मासा' हा नियम शौकिनांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सागरी माशांसाठी कोणी तो सौम्य करून दोन किंवा चार गॅलनला एक इंच असा सांगतात. आकडा बदलला तरी नियमातील मूळ दोष जात नाही. लांबी ही एकमितीय राशी आहे, तर माशाचे वस्तुमान लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा या नियमाने सारखेच ठरतात. शरीराची ठेवण सारखी धरली, तर दहा इंची माशाचे वजन एक इंची माशाच्या हजारपट असते. चयापचयाचा वेग वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तो वजनाच्या साधारण ०.८ घाताने वाढतो, हेही हिशेबात घेतले पाहिजे. तरीसुद्धा मोठ्या माशाची प्राणवायूची गरज व त्याने सोडलेली घाण एका लहान माशाच्या सुमारे अडीचशे पट भरते. म्हणजे दहा लहान माशांच्या मिळून पंचवीसपट. गणित व भौतिकशास्त्राच्या अध्यापकांना वर्गात घातांकाचे उदाहरण म्हणूनही हे उपयोगी पडावे.

'टाकी लहान असली की मासाही त्या मापाने लहानच राहतो' हा समज याहून घातक आहे. कोंडलेल्या पाण्यात माशाची वाढ खुंटते हे खरे. परंतु ती परिस्थितीशी झालेली जुळवणी नव्हे. साचलेली घाण, ताण व अपुरी हालचाल यांनी झालेली ती हानी आहे. असा मासा बहुधा आयुष्य पुरे करीत नाही.

माशाचे प्रौढ आकारमान व वर्तन

दुकानात दिसणारा मासा बहुतेक वेळा पिल्लू असते. चार-पाच सेंटिमीटरचे, निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे असलेले सम्राट एंजलफिशचे पिल्लू पुढे ४० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि त्याचे रंगरूप इतके पालटते की तोच मासा ओळखू येऊ नये. पंखांसारखे लांब पर असलेले बॅटफिशचे देखणे पिल्लू तर प्रौढ वयात ७० सेंटिमीटरपर्यंत पोहोचू शकते. ते मावेल अशी टाकी कोणत्याही सामान्य घरात वा विभागात असणार नाही. अशा माशांचे पुढे काय होते, याचे उत्तर सुखद नाही. काही मरतात, काही परत केले जातात, काही पाण्यात सोडून दिले जातात. हिंद-प्रशांत महासागरातील लायनफिश हा सुमारे ३८ सेंटिमीटर वाढणारा शिकारी मासा १९८५ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळ आढळला. मत्स्यटाक्यांतून तो सोडला गेला असावा असे अभ्यासक मानतात. पुढे तो कॅरिबियन समुद्रभर पसरला आणि तेथील स्थानिक माशांच्या मुळावर आला.

उपर्युक्त चित्रपटामुळे लोकप्रिय झालेली जोडी या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. पडद्यावर सोबत दिसलेले हे दोन मासे एकाच टाकीत ठेवण्याचा आग्रह मुले धरतात आणि पालक तो पुरवितात. जीवशास्त्रीय दृष्ट्या मात्र दोघांच्या गरजा पूर्णतः भिन्न आहेत.

क्लाउनफिश, म्हणजे ॲम्फिप्रिऑन ओसेलारिस, प्रौढ वयात आठ ते अकरा सेंटिमीटरचा होतो. निसर्गात तो समुद्रफुलाच्या आसऱ्याने राहतो व त्यापासून फार दूर जात नाही. त्याचे जगच मुळी लहान असल्याने सुमारे १०० लिटर प्रत्यक्ष पाण्याच्या टाकीत एक जोडी समाधानाने राहू शकते. येथेही संख्येचा मोह टाळावा लागतो. या माशांच्या गटात सर्वांत मोठी मादी, तिच्या खालोखाल प्रजननक्षम नर आणि बाकीचे अप्रजननक्षम सदस्य अशी उतरंड असते. मादी मेली तर नराचेच मादीत रूपांतर होते. ही उतरंड चाव्यांनी व पाठलागांनी टिकविली जाते. लहान टाकीत चौघे सोडले, तर जोडी जमल्यावर उरलेल्या दोघांना पळून जाण्यास जागा नसते. तीच गोष्ट काळ्या-पांढऱ्या डॅमसेल माशांची. स्वस्त व काटक म्हणून नवख्यांना ते प्रथम दिले जातात. वाढल्यावर ते साऱ्या टाकीला आपले क्षेत्र समजू लागतात. अशा वेळी टाकीचे माप लिटरमध्ये मोजून भागत नाही. एका माशाच्या दृष्टीआड दुसऱ्याला जाता येईल असे किती आडोसे त्यात मावतात, यावर ते ठरते.

ब्लू टँग, म्हणजे पॅराकँथुरस हेपॅटस, हा सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, दिवसभर खडकांवरून फिरत चरणारा मासा होय. त्याला लांबी हवी. अनुभवी शौकीन त्याच्यासाठी सहा फूट लांबीची व ७०० लिटरच्या आसपासची टाकी किमान मानतात. त्याच्याहून लहान, सुमारे २० सेंटिमीटरच्या यलो टँगसाठीही चार फुटांखाली जाऊ नये असे सांगितले जाते. हे आकडे प्रयोगशाळेतील मोजमापांनी सिद्ध झालेले नाहीत, तर दीर्घ अनुभवाचे आहेत. तरी ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तीन फुटी टाकीत टँग पुनःपुन्हा काचेला वळसे घालीत राहतो. पाहणाऱ्याला तो खेळतो आहे असे वाटते.

येथे आपल्या परिस्थितीला धरून एक पर्याय सुचविता येतो. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. ज्या विभागाला १५० लिटरहून मोठी टाकी परवडत नाही, त्याने बंदिस्त पैदाशीतील क्लाउनफिशची एक जोडी ठेवावी. निवास, सहजीवन, लिंगबदल व पितृसंगोपन असे चार विषय त्या एका जोडीवर शिकविता येतात आणि त्यासाठी समुद्रातून काहीही उचलावे लागत नाही. जिवंत प्रवाळ ठेवण्याचा मोह तर कायद्यानेच निषिद्ध आहे. भारतीय समुद्रातील कठीण प्रवाळ व समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण देण्यात आले आहे. खडक हवा असल्यास कृत्रिम वा कोरडा घ्यावा.

पाण्याचे आकारमान आणि हाताशी असलेला वेळ

नवख्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी, हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. सागरी टाकीच्या बाबतीत तो बरोबर उलटा आहे. पाणी जितके अधिक, तितके त्यातील बदल सावकाश होतात आणि चूक सुधारण्यास तितका वेळ मिळतो.

बाष्पीभवनाचे उदाहरण घ्यावे. उन्हाळ्यात पंख्याखालच्या टाकीतून सुट्टीच्या दोन दिवसांत दोन लिटर पाणी उडाले, असे मानू. पाणी जाते, मीठ मागे राहते. ५० लिटरच्या टाकीत क्षारता दर हजारी ३५ वरून ३६.५ वर जाईल. ४०० लिटरच्या टाकीत ती ३५.२ एवढीच होईल. (हे उडालेले पाणी भरून काढताना गोडे पाणी घालावयाचे असते. खारे घातले तर क्षारता आणखी वाढते, ही चूक पुष्कळांकडून होते.)

विजेचा प्रश्न आपल्याकडे अधिक निकडीचा आहे. टाकीत एकूण १०० ग्रॅम वजनाचे मासे आहेत, ते ताशी सुमारे ३० मिलिग्रॅम प्राणवायू वापरतात आणि पाण्यातील प्राणवायू दर लिटरला ६.५ वरून ४ मिलिग्रॅमवर येईपर्यंत ते तग धरतात, असे गृहीत धरू. पंप बंद पडल्यावर ५० लिटरमधील साठा चार तासांत संपेल. ४०० लिटरमधील साठा तीस तासांहून अधिक पुरेल. पृष्ठभागातून मिळणारा प्राणवायू व जीवाणूंनी वापरलेला प्राणवायू या हिशेबात धरलेला नाही, म्हणून हे आकडे ढोबळ आहेत; दोहोंतील अंतर मात्र खरे आहे. शनिवारी दुपारी बंद झालेला विभाग सोमवारी सकाळी उघडतो. तेवढ्या काळात वीज गेल्यास काय होईल, याचा अंदाज टाकी घेण्यापूर्वीच केलेला बरा. बॅटरीवर चालणारा हवापंप कोणत्याही आकाराच्या टाकीला असावा. तापमानाचेही असेच. प्रवाळखडकावरील मासे २५ ते २८ अंशांना सरावलेले असतात. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत शीतक यंत्रावाचून हे शक्य नाही. मोठी टाकी दुपारचा उष्मा सावकाश घेते, एवढेच.

मोठ्या टाकीचा खर्चही तेवढाच खरा. समुद्रपाणी तयार करण्यास दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम कृत्रिम सागरी मीठ लागते. ४०० लिटरसाठी आरंभीच १४ किलो आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावयाचे तर प्रत्येक वेळी १.४ किलो, असा हा हिशेब आहे. कोकणातील महाविद्यालयांना समुद्रपाणी आणणे सुचते. परंतु पावसाळ्यात नद्या-खाड्यांच्या पाण्याने किनाऱ्याजवळील क्षारता उतरते, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर सांडपाण्याची भर असते. मोजल्याविना ते वापरू नये.

वजन व जागा

चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकीतील पाण्याचे वजनच ४०० किलोंच्या वर जाते. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे सुमारे ९० किलो, शिवाय खडक, वाळू व लोखंडी चौकट धरून एकूण भार ६०० ते ६५० किलो होतो, आणि तो पाऊण चौरस मीटर जागेवर येतो. म्हणजे दर चौरस मीटरला ८०० किलोंहून अधिक. भारतीय मानकांनुसार निवासी खोलीचा मजला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि वर्गखोलीचा ३०० किलो समान विखुरलेल्या भारासाठी आखलेला असतो. थोड्या जागेवरचा अधिक भार मजला नेहमीच पेलणार नाही असे नाही. तरी जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचे मत घ्यावे. तळमजला उत्तम. वरचा मजला अपरिहार्य असल्यास टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, तुळईवर आडवी व खांबाच्या जवळ ठेवावी. चौकट पाणसापटीने तपासून घ्यावी, कारण एका कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटरचा उतार राहिला तरी काचेच्या सांध्यावर कायमचा ताण येतो. चौकट व काच यांच्यामध्ये थर्मोकोलचा पातळ थर घालण्याची आपल्याकडील कारागिरांची रीत योग्यच आहे. टाकी प्रथम साध्या पाण्याने भरून दोन दिवस गळती पाहावी, आणि मगच मिठाची पिशवी उघडावी.